सोलरचं गरम पाणी : ठेवावं की गच्चीवरून काढून टाकावं?

नववा_मजला (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कोथरूडमधली आमची जुनी तीन मजली सोसायटी पाडून ११ मजली झाली, त्याला आता चार वर्षं होतील. ४४ फ्लॅट. ब्रोशरवर हिरवं पान, एएसी ब्लॉकच्या भिंती, जिन्यात सेन्सरचे दिवे, पावसाचं पाणी जिरवायची सोय आणि जाड अक्षरात 'सोलरचं गरम पाणी'. गच्चीवर १५०० लिटरच्या चार टाक्या आहेत, काचेच्या नळ्यांवाल्या. प्रत्येक उभ्या लाइनला, म्हणजे ०१ ते ०४ नंबरच्या फ्लॅटांना, एकेक टाकी.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी सातला नळ सोडला की दोन बादल्या गार पाणी, मग कोमट. कढत येतच नाही. काल बायकोचा केक करायचा थर्मामीटर बादलीत धरला, ३४ अंश. यापेक्षा मे महिन्यात साधा नळ गरम असतो! शेवटी सगळ्यांनी गिझर बसवलेत.

आता एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत) ठराव येतोय की हे सगळं भंगारात द्यायचं आणि त्या जागी विजेचं सोलर लावायचं. माझं मत काढावं याच बाजूला झुकलंय, पण नाना (वडील, वय ८१) म्हणतात सूर्याला नावं ठेवू नका. कुणाचा काय अनुभव?

जाता जाता : वरच्या तीन मजल्यांना गार पाण्यासाठी प्रेशर पंप आहे, तो रात्रभर घुर्रघुर्र करतो म्हणून ११व्या मजल्यावरच्या काकू वेगळ्याच तापल्यात. त्याचा इथे संबंध नाही.

पेठी_खवचट
३४ अंशाला आमच्याकडे कोमट नाही, 'पाहुण्यांसाठी ठेवलेलं' म्हणतात.

टँकरग्रस्त
काढाच. आमच्याकडे वाघोलीत वर्षाचे आठ महिने टँकर. बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्यात उकळलं तरी तळाला पांढरं बसतं. आमच्या सोलरला तांब्याच्या पाइपांचे सपाट पॅनेल होते. तीन वर्षांत आतून चुन्याने बुजले. अॅसिडने धुवून घेतले, वर्षभर चालले, परत बुजले. प्लंबरने कापलेला पाइपचा तुकडा दाखवला, आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं.

सूर्यफूल_औंध
@टँकरग्रस्त, जड पाण्याला सपाट पॅनेल थेट जोडणं हीच मुळात चूक. तिथे एकतर हीट एक्स्चेंजर लागतो, म्हणजे पॅनेलमध्ये तेच ते पाणी फिरत राहतं आणि टाकीतल्या पाण्याला फक्त उष्णता देतं; नाहीतर मग काचेच्या नळ्या. नळ्यांतही क्षार बसतो, पण भोक मोठं असल्याने लगेच अडत नाही आणि एकेक नळी काढून साफ करता येते. बिल्डर दोन्हींतलं स्वस्त पडेल ते लावतो आणि पाणी कुठलं येणार हे विचारत नाही.

आमची बारा वर्षं जुनी सिस्टीम उत्तम चालू आहे. जुलै-ऑगस्टचे ढगाळ आठवडे सोडले तर गिझर लावतच नाही.

मीटरमॅन
+१ सूर्यफूल. लोक गरम पाण्याचं गणितच करत नाहीत. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते. वर्षातले ३०० दिवस ऊन धरलं तर चौदाशेच्या आसपास युनिट झाले. हे आयतं छपरावर पडतंय आणि तुम्ही भंगारवाल्याला बोलावताय.

नवा_भिडू
पण केंद्राची ७८,००० सबसिडी मिळतेय ना आता सोलरवर? मग जुनं काढून नवं गरम पाण्याचंच घ्या की.

मीटरमॅन
ती सूर्यघर योजना, २०२४ सालची. ती विजेच्या सोलरसाठी आहे, पाणी तापवण्यासाठी नाही. ७८,००० हे घरगुती ३ किलोवॉट आणि त्यावरच्या संचाला. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. दोन्हीला आपण 'सोलर'च म्हणतो, म्हणून निम्मे एजीएम या एका शब्दावर भांडण्यात जातात.

आजोबा_सदाशिव
तुम्ही सर्व तरुण मंडळी आहात म्हणून सांगतो. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. पहाटे आई करवंट्या आणि गोवरीचा तुकडा घालून पेटवायची. खालच्या जाळीतून राख पडायची ती भांड्यांना. वरून एक तांब्या गार ओतला की तोटीतून कढत बाहेर. जेवढं घ्याल तेवढं आधी ओता, असा नियमच. त्यामुळे कुणी जास्त पाणी नासलं की लगेच कळायचं, पुढच्याला कोमट मिळायचं आणि मागून शिव्या यायच्या. तुमच्या ११ मजल्यांत कोण किती घेतो ते कळत नाही, ही खरी अडचण.

पेठी_खवचट
आजोबा, सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मागून येणाऱ्या शिव्यांची सोय अजून आहे.

दुसरा_मजला_बाणेर
आजोबांशी सहमत. आमच्याकडे नरक चतुर्दशीला दरवर्षी हेच. अभ्यंगस्नानासाठी सगळे पहाटे साडेचारला उठतात, उटणं लावून उभे राहतात आणि साडेपाचला टाकी रिकामी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्यापर्यंत गरम पाणी येईतो कारीट फोडून, फराळ करून, वरचे लोक परत झोपलेले असतात. यंदा अंगाला तेल लावून मी पाऊण तास गिझरच्या लाल दिव्याकडे बघत बसले होते.

काटकसरे
वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल कुणीच बोलत नाही. एक इंची पाइपमध्ये मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या मजल्याच्या बाथरूमपर्यंत ४० मीटर धरा, २० लिटर झालं. म्हणजे गरम पाणी हातावर पडायच्या आधी एक बादली गार पाणी मोरीत. घरटी एक बादली, ४४ घरं. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी रात्री पातेली भरून ठेवणारे आपणच.

मी ती पहिली बादली बाजूला काढून त्यावर फरशी पुसतो. बायको म्हणते नळाखाली बादली धरायला वेगळा माणूस ठेवा.

सूर्यफूल_औंध
यावर उपाय आहे, रिटर्न लाइन. सगळ्यात खालच्या मजल्यावरून एक बारीक पाइप परत टाकीपर्यंत न्यायचा आणि छोट्या पंपाने पहाटे पाच ते आठ पाणी फिरवत ठेवायचं. नळ सोडला की लगेच गरम. पाइपला इन्सुलेशन मात्र नीट हवं, नाहीतर दिवसभर कमावलेली उष्णता डक्टमधल्या कबुतरांना. नव्या बांधकामात हा खर्च किरकोळ असतो. नंतर करायचं तर डक्टमध्ये माणूस उतरवावा लागतो.

नववा_मजला
आमच्याकडे रिटर्न लाइन नाही. इन्सुलेशन गच्चीवर आहे, पण काळं फोम उन्हाने भुगा झालंय. हात लावला की पावडर.

गच्चीमालक
मी आमच्या सोसायटीचा (कर्वेनगर) खजिनदार. आम्ही दोन वर्षांपूर्वी गरम पाण्याचं सोलर काढलं आणि विजेचं लावलं. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे, सगळ्याचं कॉमन बिल जवळजवळ शून्यावर आलं. कुणाचं भांडण नाही, गळती नाही, नळ्या फुटणं नाही. गरम पाण्याच्या सोलरचा एक प्लंबर कायमचा पोसावा लागतो.

नळ्या फुटण्यावरून आठवलं. एका गुरुवारी टाकी रिकामी झाली, नळ्या दिवसभर उन्हात कोरड्या तापल्या. वॉचमनने दुपारी दोनला टँकर आला म्हणून व्हॉल्व्ह सोडला. तापलेल्या काचेत गार पाणी. मी खाली ऑफिसात होतो, तिथपर्यंत टपाटप आवाज. सतरा नळ्या.

मीटरमॅन
@गच्चीमालक, तो दोष वॉचमनचा नाही, टाकी रिकामी होऊ देणाऱ्याचा. आणि एक विचारू? कॉमन बिल शून्य झालं हे छान. पण गिझर प्रत्येकाच्या घरच्या मीटरवर. १५ लिटरचा गिझर एकदा तापला की सहासात दशांश युनिट. चौघांचं घर, दिवसाला चार वेळा धरा, महिन्याला ८० युनिटच्या आसपास. म्हणजे मेंटेनन्समध्ये वाचलं ते घरच्या बिलात गेलं, फक्त ते तुमच्या ताळेबंदात दिसत नाही.

गच्चीमालक
खजिनदाराला ताळेबंदात दिसतं तेवढंच दिसतं साहेब. :)
पण मग जागेचंही गणित मांडा ना.

मीटरमॅन
मांडतो. धागाकर्त्याची गच्ची घेऊ. एकूण ६००० लिटर. १०० लिटरला, मधे चालायची जागा धरून, ३ चौरस मीटर, म्हणजे १८० चौ.मी. ६००० लिटर पाणी ३० अंशांनी वाढवलं तर रोज सुमारे २१० युनिटची उष्णता मिळाली.

त्याच १८० चौ.मी.मध्ये विजेचं सोलर बसेल साधारण १८ किलोवॉट. किलोवॉटला रोजचे ४ युनिट धरले तर ७२. साध्या गिझरने ७२ युनिटची ७२ युनिटच उष्णता. म्हणजे तिप्पट जागा लागेल. इथपर्यंत मी जिंकतो.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. ती ७२ युनिट हीट पंपला दिली तर तो एका युनिटमागे हवेतून ओढून तीनेक युनिट उष्णता देतो. म्हणजे २१६. बरोबरी! शिवाय ज्या दिवशी गरम पाणी नको त्या दिवशी ती वीज लिफ्टला. त्यामुळे २०१० साली मी डोळे झाकून गरम पाण्याचं सोलर म्हटलं असतं. आज नवी इमारत असेल तर दोनदा विचार करीन. चालू स्थितीतलं मात्र काढणार नाही.

गच्चीमालक
हे गणित एजीएमच्या आधी भेटलं असतं तर मी हीट पंपाचा ठराव आणला असता. (आणि पडला असता, ती गोष्ट वेगळी.)

शंकेखोर
घरपट्टीचं विसरू नका. सोलर असलं की महापालिका घरपट्टीत ५ टक्के सूट देते, सगळ्या बिलावर.

सूर्यफूल_औंध
सगळ्या बिलावर नाही, सर्वसाधारण करावर. सोलर, गांडूळखत, पर्जन्यजल यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १०. आणि ते चालू हवं. गांडुळांच्या खड्ड्यात कुंड्या ठेवणाऱ्या सोसायट्या मला माहीत आहेत.

पेठी_खवचट
गांडुळं फ्लॅट विकून मुळशीला गेली.

नळदमयंती
उशिरा आले, माफ करा. मी गेली पंधरा वर्षं इमारतींच्या प्लंबिंगचीच कामं बघते, त्यामुळे सगळं वाचून हात शिवशिवले. तुम्ही सगळे सूर्यावर भांडताय. सूर्य बिचारा रोज येतोय.

@नववा_मजला, तीन प्रश्न.
१. चारही लाइनींना कोमट येतं की फक्त तुमच्या?
२. दुपारी तीनला गच्चीवर जाऊन टाकीच्या तोंडाशी पाणी किती गरम असतं ते बघितलं का?
३. पंप रात्रभर का चालतो? रात्री दोन वाजता नववा, दहावा, अकरावा मजला आंघोळ करतो का?

तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही 'इथे संबंध नाही' म्हणालात. माझ्या मते तिथेच आहे.

नववा_मजला
१. आज विचारलं. ०१, ०२, ०३ वाले म्हणतात आमचं बरं आहे. ०२ मधले एक तर म्हणाले सकाळी दहालाही चटका बसतो. रड फक्त ०४ ची, म्हणजे आमची. मला वाटत होतं सगळ्यांचं तसंच असेल, ग्रुपवर आमच्याच लाइनचे लोक जास्त बोलतात.
२. नाही बघितलं. उद्या जातो.
३. पंपाचं काय ते कळलं नाही.

नळदमयंती
सांगते. तुमचं गार पाणी पंपाने दाबून येतं. गरम पाणी टाकीतून नुसतं उतारावर येतं. म्हणजे गारचा दाब जास्त. आता एखाद्या घरात असा मिक्सर असेल की गरम आणि गार दोन्ही कॉक उघडे आणि पुढे पाणी फक्त हँड शॉवरच्या बटणाने बंद केलेलं, तर काय होईल? बाहेर जायला वाट नाही. गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत घुसतं. तिथून वर चढत टाकीपर्यंत. रात्रभर. पंप म्हणूनच घुरघुरतो. सकाळी त्या लाइनीतले सगळे मजले मिसळलेलं पाणी पितात, म्हणजे अंगावर घेतात.

प्रत्येक घराच्या गरम पाइपवर एनआरव्ही असायला हवा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. बिल्डर हमखास गाळतो, कारण ब्रोशरमध्ये त्याचा फोटो चांगला येत नाही.

तपासायची पद्धत : पंप ज्या मजल्यांना आहे तिथून सुरुवात. घरात येणाऱ्या गरम पाइपचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग बेसिनचा गरम नळ सोडा. क्षणभर येऊन थांबलं तर ते घर निर्दोष. येतच राहिलं आणि गार असेल, तर चोर तिथेच.

काटकसरे
वा! हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

शंकेखोर
एका हँड शॉवरने १५०० लिटरची टाकी गार? पटत नाही.

नळदमयंती
मिनिटाला दोन लिटर उलटं गेलं तरी आठ तासांत ९६० लिटर. करा हिशोब.

शंकेखोर
केला. गप्प बसतो.

टँकरग्रस्त
ताई, आमचे बुजलेले पाइप पण बघायला या ना. चहा टँकरच्या पाण्याचा मिळेल.

नवा_भिडू
काचेची नळी खराब झाली हे वरून कसं ओळखायचं? आमच्याकडे १५ नळ्या आहेत, दीडशे लिटरची टाकी.

सूर्यफूल_औंध
नळीच्या बंद टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो. तो पांढरट पडला की दोन काचांमधली पोकळी गेली, आत हवा शिरली. नळी फुटलेली नसते, गळतही नाही, पण उष्णता धरत नाही. खालच्या टोकाची टोपी काढून बघा, नाहीतर दिसणार नाही. आणि बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल नको.

नववा_मजला
मंडळी, बसून वाचा.

परवा दुपारी गच्चीवर गेलो. तीनला ०२ च्या टाकीचं पाणी ६३ अंश, आमच्या ०४ चं ५८. म्हणजे नळ्या ठीक. पहाटे पाचला स्वेटर घालून परत गेलो. ०२ ची ५९, आमची ३८! आणि टाकीतून खाली येणारा गरम पाइप हाताला चक्क गार.

मग प्लंबरला घेऊन ११वा मजला. काकूंच्या घरी व्हॉल्व्ह बंद केला, नळ सोडला, पाणी थांबलं. काकूंनी 'मी म्हटलंच होतं पंपात काहीतरी आहे' हे चार वेळा ऐकवलं. दहावा मजला, तेही थांबलं. त्यांनी पोहे दिले. मग प्लंबर म्हणाला, साहेब, आता तुमच्याकडे.

मी म्हटलं आमच्याकडे कशाला, तक्रार तर मीच केलीय.

व्हॉल्व्ह बंद. बेसिनचा नळ सोडला. पाणी येतच राहिलं. गार. प्लंबर काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता.

नानांची बाथरूम. त्यांना खाली वाकून कॉक फिरवता येत नाही म्हणून मीच दीड वर्षापूर्वी बटणवाला हँड शॉवर बसवून दिला होता. ते दोन्ही कॉक कायम अर्धे उघडे ठेवतात, त्यांच्या मते 'मिश्रण जमवलेलं असतं', आणि बटणाने पाणी बंद. दीड वर्ष. ०४ च्या लाइनीतली अकरा घरं.

तात्पुरता नानांचा गरम कॉक बंद ठेवलाय, उद्या एनआरव्ही बसतोय. आज सकाळी सातला बेसिनच्या नळाला ५१ अंश. दोन बादल्यांची पाऊण बादली झाली, तेवढं गार अजून जातंच.

नळदमयंती
एनआरव्ही गार पाइपवर पण बसवून घ्या. आणि फक्त तुमच्याकडे नको, पंपाच्या तिन्ही मजल्यांना. उद्या दहाव्या मजल्यावर कुणाचे तरी नाना येतील.

पेठी_खवचट
नाना काय म्हणाले ते लिहा आधी.

नववा_मजला
म्हणाले, "मी सांगत होतो ना, सूर्याला नावं ठेवू नका."

गच्चीमालक
मग एजीएमच्या ठरावाचं काय? मी अजूनही म्हणतो विजेचं सोलर आणा, पण उरलेल्या जागेत.

नववा_मजला
ठराव रविवारी आहे. मांडणारे तिसऱ्या मजल्यावर ०४ मध्येच राहतात. त्यांना कारण कसं सांगायचं ते सुचवा. वर्षभर ते ग्रुपवर बिल्डरला शिव्या घालतायत आणि प्रत्येक शिवीवर मी अंगठा दिलाय.

आजोबा_सदाशिव
पोहे करून बोलवा.